एकास सहा प्रमाणातला नांगरणारा ट्रॅक्टर : घरच्या वर्कशॉपमधील एक प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील एका टूलरूममधून निवृत्त झालेल्या फिटरने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरची एकास सहा प्रमाणातली चालती प्रतिकृती तयार केली. त्या कामातली आकडेमोड आणि रेखाटने माझ्याकडे होती. आम्ही सगळे या कारागिरांना तात्या म्हणतो, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवतो. मागणी होती शेती अवजारे शिकवणाऱ्या एका शिक्षकांची. मातीच्या वाफ्यात नांगर चालवावा, जमीन कठीण लागताच ट्रॅक्टरने आपणहून नांगर किंचित उचलावा, आणि ही क्रिया विद्यार्थ्यांना जवळून, हात लावता येईल इतक्या अंतरावरून दिसावी, एवढीच त्यांची अट होती. रंग, बिल्ले, दिवे यांविषयी त्यांचा काहीच आग्रह नव्हता. अट ऐकायला साधी वाटली तरी पुढचे बहुतेक सगळे निर्णय तिनेच ठरवले, कारण ट्रॅक्टर सहा पट लहान करता येतो, पण माती लहान करता येत नाही.

नमुना म्हणून हाच ट्रॅक्टर का, हे आधी सांगायला हवे. हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीत नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढला जात नाही. तो खालच्या दोन लिंक आणि वरची एक टॉप लिंक अशा तीन बिंदूंवर जोडलेला असतो आणि ट्रॅक्टरचाच भाग होऊन चालतो. नांगराची खोली आपोआप राखण्याच्या या कल्पनेचे ब्रिटिश पेटंट १९२६ मध्ये मिळाले. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार झालेल्या लहान करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती शेतोशेती नेली. १९५६ मध्ये फर्ग्युसन ३५ आला, पुढच्याच वर्षाअखेरीस तो मॅसी फर्ग्युसन ३५ झाला, आणि १९५९ पासून त्याला पर्किन्सचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळाले. मद्रासमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीने हाच वंश भारतात रुजवला, त्यामुळे तिचा १०३५ ट्रॅक्टर पाहिलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला या यंत्राची ठेवण ओळखीची वाटते. आम्हाला आणखी एक सोय होती. या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हौसिंग, म्हणजे मागच्या आसाभोवतीचे ओतीव कवच, एकमेकांना बोल्टने जोडूनच त्याचा कणा होतो. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ७२ इंच, म्हणजे प्रतिकृतीत बरोबर १२ इंच. रेखाटनाला इतका सोयीचा आकडा सहसा मिळत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळतो. लांबी सहाव्या हिश्शाची केली की क्षेत्रफळ छत्तिसावा हिस्सा होते आणि घनफळ दोनशे सोळावा. मूळ ट्रॅक्टर सुमारे दीड टनाचा, म्हणून त्याच धातूंची आणि त्याच जाडीच्या प्रमाणातली प्रतिकृती साधारण ७ किलोची भरेल. नांगराला मात्र माती अडवते ती कापल्या जाणाऱ्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने. मध्यम जमिनीत, वाफशावर, दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोच्या आसपास ओढ लागते असे धरले, तर प्रत्येकी २५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल तास काढणाऱ्या दोन फाळांच्या नांगराला ३७५ किलो ओढ लागेल. दीड टनाचा ट्रॅक्टर नांगरटीच्या जमिनीत वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत ओढ देऊ शकतो, म्हणजे ६०० किलो, काम निभावते. प्रतिकृतीतले तेच दोन फाळ २०.८ चौरस सेंटीमीटर माती कापतील आणि त्यांना १०.४ किलो ओढ लागेल. ७ किलोचा ट्रॅक्टर कितीही जोर लावला तरी ३ किलोंच्या पुढे फारसा जाणार नाही. त्याची चाके जागेवर फिरतील आणि नांगर हलणारही नाही.

हा हिशेब मी तात्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी शिशाचे तुकडे भरून वजन वाढवायचा मार्ग लगेच सुचवला. तो अर्धाच उपयोगी होता, कारण दोन्ही फाळांची ओढ पेलायला २५ किलोंहून जास्त वजन लागले असते, आणि मग चाके पोयट्यात रुतली असती. शेवटी तीन बाजूंनी तडजोड ठरली. फाळ एकच ठेवायचा, त्याचे तास ३० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर खोल धरायचे, आणि ट्रॅक्टरचे वजन ११ किलोंपर्यंत न्यायचे. साडेचार चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो ओढ लागते. ११ किलोचा ट्रॅक्टर सुमारे साडेचार किलो देऊ शकतो, म्हणजे माती मध्येच घट्ट लागली तरी हाताशी दुप्पट ताकद उरते. ही दुप्पट ताकद अत्यावश्यक होती. ती नसती तर कठीण माती लागताक्षणी चाके घसरली असती आणि नांगर उचलण्याची क्रिया दाखवायला वेळच मिळाला नसता.

ओतकाम आणि वजन

वजनाचा निर्णय ओतकामाशी येऊन मिळाला. घरच्या भट्टीत ॲल्युमिनियम सहज वितळते, त्यामुळे हौशी कारागीर बहुधा तेच निवडतात. इथे हलकेपणा नकोच होता, म्हणून तिन्ही मुख्य हौसिंग बिडाची ठरली. सागवानाचे पॅटर्न तात्यांनी स्वतः केले, गार होताना बीड साधारण एक टक्का आकसते ती वाढ त्यांत धरली, आणि ओतून आणायला ते एका लहान फाउंड्रीत दिले. उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत आणि तिच्या आजूबाजूला ही सोय आहे, हे कोल्हापूरचे भाग्यच म्हणायचे. मूळ हौसिंगची १० मिलिमीटरची भिंत प्रमाणाने पावणेदोन मिलिमीटरही राहत नाही, आणि वाळूच्या साच्यात इतक्या पातळ जागेत बीड पोचण्याआधीच थिजते. भिंत ४ मिलिमीटर ठेवावी लागली. बाहेरचा आकार प्रमाणात राहिला, वाढलेली जाडी सगळी आत गेली, आणि आम्हाला हवे असलेले जास्तीचे वजन शिसे न भरता बऱ्यापैकी मिळाले.

इंजिनाचा प्रश्न

तात्यांची मनापासून इच्छा होती की इंजिन खरे असावे, त्याचा आवाज यावा. पर्किन्सच्या त्या इंजिनाचा बोअर ३.६ इंच आणि स्ट्रोक ५ इंच. एकास सहाला बोअर १५.२ मिलिमीटर आणि तिन्ही सिलिंडर मिळून साडेअकरा घन सेंटीमीटर. असा ब्लॉक बनवणे तात्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते डिझेलचे. मूळ इंजिनात पूर्ण भारावर एका वेळी एका सिलिंडरमध्ये सुमारे ४५ घन मिलिमीटर इंधन फवारले जाते. प्रतिकृतीत ते ०.२ घन मिलिमीटर भरते, आणि एवढा थेंब दर फेऱ्याला सारखा मोजून, दाब देऊन, फवारा करून सोडणारा पंप घरच्या वर्कशॉपमध्ये होणे शक्य नाही. शिवाय सिलिंडर लहान झाला की आतल्या हवेच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ सहा पट वाढते, दाबून तापवलेल्या हवेची उष्णता भिंती ओढून घेतात, आणि डिझेल पेटायला लागणारे तापमान टिकत नाही. स्पार्क प्लगचे पेट्रोल इंजिन करता आले असते. पण यंत्र वर्गात चालायचे होते आणि धूर नको होता. शेवटी इंजिनाच्या पोकळ ब्लॉकमध्ये कॉर्डलेस ड्रिलची १२ व्होल्टची मोटर तिच्या ग्रहीय गिअरसह बसवली. तात्यांनी हे मान्य केले तरी त्यांना त्याची रुखरुख लागली. मला मात्र हा निर्णय पूर्ण योग्य वाटतो, कारण या प्रतिकृतीचा सगळा जीव मागच्या हौसिंगमध्ये आहे.

शक्तीची गरज पाहिली तर ती अगदी थोडी निघते. मागचे चाक २०० मिलिमीटर व्यासाचे आणि वेग सेकंदाला पाव मीटर धरला तर चाकाचे मिनिटाला २४ फेरे होतात. ५ किलो ओढीला १२ वॉट लागतात. गिअरमधले नुकसान धरूनही ५० वॉटची मोटर निवांत पुरते.

गिअर आणि क्राउन-पिनियन

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे आकार लहान होण्याचा फायदाच होतो. गिअरवर येणारा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, लांबीच्या चौथ्या घाताने कमी होतो आणि दातांची तो पेलण्याची ताकद तिसऱ्याच घाताने कमी होते, म्हणून लहान गिअर स्वतःच्या कामाच्या मानाने उलट मजबूत ठरतो. वजन आणि ओढ प्रमाणाबाहेर वाढवल्यावरही ही सूट पुरून उरली. मूळच्या सहा पुढच्या गतींऐवजी दोनच ठेवल्या. दात ०.८ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप) तयार कटरने मिलिंगवर पाडले. २१ दातांच्या पिनियनसाठी, म्हणजे लहान गिअरसाठी, वर्तुळाचे सारखे भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडची मूठ दर दाताला एक पूर्ण फेरा आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १९ भोके एवढी फिरवायची. हे काम करताना तात्या रेडिओसुद्धा बंद ठेवायचे.

मागच्या आसाचे क्राउन-पिनियन, म्हणजे फिरणे काटकोनात वळवून चाकांकडे नेणारी गिअरची जोडी, हा वेगळा विषय आहे. मूळ जोडीचे दात वळणाचे, आणि तसे दात घरी पाडता येत नाहीत. तात्यांनी त्यावर काढलेला उपाय मला या सगळ्या कामातला सर्वांत चतुर वाटतो. अँगल ग्राइंडरच्या आत नेमकी अशीच, वळणाच्या दातांची, कडक केलेली जोडी असते आणि ती हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. तिचे क्राउन आमच्या हौसिंगच्या आतल्या मापाला जवळजवळ आयते बसले. एक काळजी मात्र घ्यावी लागली. ग्राइंडर एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे वळणाचे दात पिनियनला एकाच बाजूला ढकलतात आणि त्याच बाजूला भक्कम आधार दिलेला असतो. ट्रॅक्टर मागेही जातो, आणि रिव्हर्स टाकला की तो दाब उलट दिशेने येतो. पिनियनच्या दोन्ही बाजूंना आसाच्या दिशेचा दाब पेलणारे थ्रस्ट बेअरिंग दिले, पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून दातांमधला खेळ ०.१ मिलिमीटरवर आणला, आणि मार्किंग ब्लू लावून दात कुठे टेकतात ते पाहिले. टेकल्याची खूण दाताच्या मधोमध आली तेव्हाच झाकण बंद केले.

हायड्रोलिक : खरी कसोटी

मूळ यंत्रात मागच्या हौसिंगच्या तेलात बुडालेला चार दट्ट्यांचा पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारांना इंजिनाची शक्ती देणाऱ्या, दांड्यावर चालतो, आणि त्याचे नियंत्रण दाबाच्या बाजूला नसून तेल शोषण्याच्या बाजूला असते. झडप उघडली की पंपाला तेल मिळते आणि लिफ्ट वर जाते. झडप मधोमध असली की पंप रिकामा फिरतो आणि लिफ्टमधले तेल अडकून राहते. नांगर मातीत चालताना खालच्या लिंकच्या टोकाभोवती पुढे कलंडू पाहतो आणि टॉप लिंक दाबली जाते. टॉप लिंक एका जाड स्प्रिंगवर रेलते. माती घट्ट लागली की स्प्रिंग जास्त दबते, तिला जोडलेली तरफ झडप उघडते, नांगर थोडा वर येतो, आणि त्याच वेळी नांगराचा व मातीचा भार मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. शेतकरी ज्याला ड्राफ्ट म्हणतात ते हेच. शिक्षकांना हीच साखळी दाखवायची होती.

प्रतिकृतीत दोन दट्ट्यांचा पंप केला. लिफ्टच्या सिलिंडरचा बोअर १३ मिलिमीटर. नांगराचे वजन २१६ पटीने आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ३६ पटीने कमी झाल्यामुळे लागणारा दाब मूळच्या सहाव्या हिश्शावर येतो. ही गोष्ट वरवर सोयीची आहे, कारण नळ्या फुटायची भीती उरत नाही. पण तिची दुसरी बाजू लगेच समोर आली. दट्ट्यावर बाजारातली ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बसवली तेव्हा तिचे नुसते घर्षण मोडायला किलोभर जोर लागत होता, आणि दट्ट्याने उचलायचा एकूण भारच चार किलोंच्या घरातला होता. मूळ यंत्रात जे घर्षण जाणवतही नाही, ते इथे भाराच्या पाव हिश्शाएवढे झाले. लिफ्ट वर जाई, पण खाली येताना अडके आणि मग एकदम घसरे.

तात्यांनी ओ-रिंग काढून टाकली आणि बिडाचा दट्ट्या बिडाच्याच सिलिंडरमध्ये लॅपिंग करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून नेमके माप आणून, बसवला. हे काम कसे केले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांत घालून पेस्टने घासणे ही सोपी वाट, पण त्यात सिलिंडरची तोंडे फाकतात आणि आतला भाग अरुंद राहतो. म्हणून सिलिंडरसाठी पितळेचा, चिरलेला, स्क्रूने फुगवता येणारा लॅप केला आणि दट्ट्यासाठी ॲल्युमिनियमची चिरलेली कडी. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे घासले, मधूनमधून रॉकेलने धुतले, आणि हाताच्या उबेने माप बदलू नये म्हणून मोजण्याआधी भाग बराच वेळ बाकावर ठेवून दिले. शेवटच्या परीक्षेला मापयंत्र लागत नाही. सिलिंडरला पातळ तेल लावून तो उभा धरायचा, खालचे तोंड अंगठ्याने बंद करायचे आणि वरून दट्ट्या सोडायचा. तो आतल्या हवेवर मध्येच तरंगत राहिला पाहिजे, आणि अंगठा काढताच स्वतःच्या वजनाने सरळ खाली उतरला पाहिजे. तात्यांचा दट्ट्या तसा उतरला. आत शिल्लक राहिलेली फट ५ ते ६ मायक्रॉनची असावी.

तेलही बदलावे लागले. ३२ ग्रेडचे नेहमीचे हायड्रोलिक तेल पंपाच्या सव्वा मिलिमीटरच्या शोषण-भोकातून वेळेत आत येत नव्हते, आणि पंप खडखडत होता. १० ग्रेडचे स्पिंडल ऑइल घातल्यावर आवाज थांबला. पातळ तेलाने गळती तिप्पट होणार हे उघड होते, पण गळती फटीच्या तिसऱ्या घाताने ठरते, आणि फट इतकी बारीक असल्यामुळे ती तिप्पट गळतीही किरकोळ राहिली. उचललेला नांगर तासाभराने पाहिला तर थोडा खाली आलेला असतो. वर्गातल्या प्रयोगाला त्याने बाधा येत नाही.

स्प्रिंगचा हिशेब

टॉप लिंकच्या स्प्रिंगमध्ये या प्रकरणाचा गाभा आहे. सर्व मापे सहाव्या हिश्शाची करून त्याच पोलादाची स्प्रिंग केली तर तिचा ताठरपणा सहाव्या हिश्शाचा होतो. मातीची ओढ छत्तिसाव्या हिश्शाने घटत असेल तर स्प्रिंगचे दबणेही बरोबर सहाव्या हिश्शाचे येते, म्हणजे खऱ्या मातीत प्रमाणातला दोन फाळांचा नांगर ओढला असता तर प्रमाणातली स्प्रिंग अगदी अचूक ठरली असती. हे गणित सुटले तेव्हा मला मनस्वी आनंद झाला होता. पण आमचा नांगर त्या मापाचा नव्हता. १०.४ किलोच्या जागी २.२५ किलोच ओढ होती, म्हणून प्रमाणातली २.२ मिलिमीटर तारेची स्प्रिंग जेमतेम दबत होती आणि झडपेपर्यंत हालचाल पोचतच नव्हती. स्प्रिंग साडेचार पटींहून थोडी जास्त मऊ हवी होती. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार १.५ मिलिमीटरची घेतली की काम भागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कळतही नाही.

मऊ स्प्रिंग बसल्यावर झडप उघडू लागली, पण नांगर सतत वरखाली डोलू लागला. तरफेच्या आसांमधले घर्षण हे त्याचे कारण. स्प्रिंग बरीच दबेपर्यंत तरफ अडकून राही, मग सुटून झडप गरजेपेक्षा जास्त उघडे, नांगर उसळे, आणि तोच प्रकार उलट दिशेने होई. तीन मिलिमीटर आसाची बॉल बेअरिंग तरफेच्या दोन्ही आसांना घातली आणि झडपेची पूर्ण चाल ०.३ मिलिमीटरवर मर्यादित केली. डोलणे थांबले.

वाफ्यातली चाचणी

चाचणीसाठी लांबट लाकडी पेटी केली आणि तिच्यात चाळलेला पोयटा भरला. काळी माती मुद्दाम टाळली. ती ओली असताना रबरी चाकांच्या नक्षीत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जाते, शिवाय सुकताना भेगाळते. ओलावा वाफशाचा ठेवला, म्हणजे मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. पेटीच्या मधला वीतभर पट्टा धुमसाने ठोकून घट्ट केला.

आधी नांगर न जोडता मागे ताणकाटा लावून ट्रॅक्टर ओढायला लावला. चाके घसरू लागेपर्यंत काटा ४.८ किलोवर गेला, हिशेबाच्या जवळ. मग टॉप लिंकची तरफ पिनेने अडकवून, म्हणजे ड्राफ्ट बंद ठेवून, नांगर चालवला. मऊ भागात तास सरळ पडले; ठोकलेल्या पट्ट्यात शिरताच नांगर आणखी खाली ओढला गेला, चाके जागेवर फिरली आणि ट्रॅक्टर थांबला. पीन काढून त्याच पेटीच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा चालवला. पट्टा लागताच टॉप लिंक मागून पुढे किंचित सरकली, नांगर तीन-चार मिलिमीटर वर आला, चाकांचा वेग क्षणभर मंदावला, आणि ट्रॅक्टर पट्टा ओलांडून गेला. पलीकडच्या मऊ मातीत नांगर पुन्हा आपल्या खोलीला बसला. शिक्षक पेटीजवळ गुडघ्यावर बसले होते. त्यांनी तात्यांना विचारले, “तात्या, टॉप लिंकच्या स्प्रिंगवरचं झाकण काढून ठेवता येईल का? पोरांना स्प्रिंग दबताना दिसायला हवी.” तात्यांनी दुसऱ्या दिवशी झाकणाच्या जागी ॲक्रिलिकची पट्टी बसवली.

नांगराचा पलटा, म्हणजे कापलेली माती उलटी करणे, मात्र अजून समाधानकारक नाही. लहान आकारात मातीची वडी उलटत नाही, ती कडेला भुरभुरत पडते, कारण मातीचे कण आणि ढेकळे फाळाच्या मानाने सहा पट मोठी आहेत. पोयटा अधिक बारीक चाळून आणि त्यात थोडी शाडू मिसळून वडी धरून ठेवता येते का, याचे प्रयोग चालू आहेत. चिकटपणा वाढला की ओढही वाढणार, आणि स्प्रिंगची तार पुन्हा मोजावी लागणार. तात्यांनी १.६ आणि १.७ मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगा आधीच गुंडाळून ठेवल्या आहेत.